चिंतामणराव देशमुख : १९६९ च्या निवडणुकीतील तिसरा उमेदवार



राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराबद्दल व्याख्यान करावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. विजयी वीराचा पोवाडा होतो, पहिल्या पराभूताची हळहळ होते. तिसऱ्याची नोंद कोष्टकात राहते आणि कोष्टके कोणी वाचीत नाही. पण १९६९ सालच्या निवडणुकीतला हा तिसरा गृहस्थ आपल्या कोकणातला होता, आणि त्याच्या हातून झालेल्या कामांवर या सभागृहातील कित्येकांच्या घरचे दाणापाणी चालले आहे. स्टेट बँकेत अथवा आयुर्विमा महामंडळात ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली अशी माणसे डोंबिवलीच्या प्रत्येक आळीत सापडतील. तेव्हा चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे नाव आपणांस परके नाही. ठाणे महानगरपालिकेने प्रशासकीय परीक्षांच्या तयारीसाठी जी संस्था काढली तिलाही त्यांचेच नाव दिलेले आहे. मात्र ज्या पक्षांनी त्यांना १९६९ साली उभे केले ते पक्ष, आणि ज्या मतांचा हा मनुष्य होता ती मते, यांचा मेळ कसा बसला, हे कोडे फारसे कोणी सोडवीत बसत नाही. आज तेवढेच कोडे आपण हाती घेऊ.

प्रथम माणूस पाहू. चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्यास वकिली करीत, त्यामुळे बालपण रोह्यास गेले. आपल्या दिवा जंक्शनवरून जी गाडी खाली कोकणात उतरते, ती ज्या रोह्यास थांबते तेच हे रोहे. त्या काळी अर्थात तेथे आगगाडी नव्हती. १९१२ साली हा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात त्याने निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक घेतले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत तो पुन्हा पहिला! पहिला येण्याची सवयच म्हणावयाची. लोकमान्य टिळक त्या सुमारास विलायतेत होते. सरकारी नोकरी पत्करावी की राष्ट्रकार्यात पडावे असा प्रश्न या तरुणाने त्यांच्यापुढे टाकला, तेव्हा नोकरी घ्या, हा अनुभव पुढे स्वतंत्र हिंदुस्थानाला लागेल, असा सल्ला लोकमान्यांनी दिल्याचे सांगतात.

हा अनुभव त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात घेतला. महसूल, जमाबंदी, अर्थखाते अशा रुक्ष वाटांनी ते चढत गेले. १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. काळ कठीण होता. एकीकडे महायुद्ध, बंगालचा दुष्काळ, कडाडलेल्या किमती. दुसरीकडे इंग्लंडकडे साठत चाललेले आपले पौंडांचे येणे. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जागतिक बँक व नाणेनिधी यांचा पाया घातला गेला, तेथे हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती! दोन भावांनी घर वाटून घेतले, पण तिजोरीची किल्ली काही महिने एकाच कारभाऱ्याकडे राहिली, असा तो प्रकार. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० साली नियोजन मंडळ स्थापन झाले, त्यात चिंतामणराव सभासद म्हणून आले. आणि त्याच वर्षी ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर ते लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात पार पडली.

आता माझा मुद्दा नीट ध्यानात घ्या. या अर्थमंत्र्याच्या कारकीर्दीत काय काय झाले? १९५३ साली मृत्युपश्चात संपत्तीवरील कर आला. श्रीमंताची इस्टेट वारसाकडे जाताना सरकारने तिचा वाटा घ्यावयाचा, असा तो कायदा. पुढे १९८५ साली तो रद्द झाला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. खेड्यापाड्यांत बँकेची शाखा जावी, सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याचे नाव सुटावे, हा त्यातला हेतू होता. आणि १९ जानेवारी १९५६ रोजी रात्री आकाशवाणीवरून त्यांनीच जाहीर केले की आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. देशी-विदेशी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था धरून सुमारे अडीचशे संस्थांचे एक महामंडळ त्यातून १ सप्टेंबर १९५६ रोजी उभे राहिले.

आणि याच गृहस्थांना तेरा वर्षांनी राष्ट्रपतिपदासाठी पाठिंबा कोणी द्यावा? स्वतंत्र पक्षाने आणि भारतीय जनसंघाने! स्वतंत्र पक्ष १९५९ साली निघाला तोच मुळी सरकारी मक्तेदारी, परवाने आणि राष्ट्रीयीकरण यांना विरोध करण्यासाठी. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या पक्षाने विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर करणाऱ्या माणसाला डोक्यावर घ्यावे, हे वरवर पाहता उंटाने शेळीला मामा म्हणण्यासारखे वाटते. म्हणून काही लोक म्हणतात की हा सारा संधिसाधूपणा होता. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

त्यासाठी १९५६ च्या जानेवारीकडे पुन्हा वळले पाहिजे. विम्याची घोषणा झाली त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवावयाचे, असे १६ जानेवारीला जाहीर झाले, आणि त्यानंतरच्या दिवसांत रस्त्यांवर गोळ्या सुटल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभराहून अधिक माणसे बळी पडली, हे आपण हुतात्मा चौकात वाचतोच. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. पण निर्णय अजून बदलेल या आशेवर तो थांबून राहिला. जूनमध्ये पंडित नेहरूंनी मुंबईत येऊन मुंबई केंद्रशासितच राहील असे पुन्हा सांगितले, तेव्हा मात्र चिंतामणराव थांबले नाहीत. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी आपले निवेदन केले.

त्या निवेदनात मराठी माणसाच्या मनातले दुःख होतेच. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही याबद्दलचा रोषही होता. पण त्यांचा खरा आक्षेप कारभाराच्या रीतीवर होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता, सहकाऱ्यांना न विचारता जाहीर होतो, हे घटनेच्या रीतीत बसत नाही, असे त्यांनी पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितले. नेहरूंनी तो आरोप मान्य केला नाही. तो वाद इतिहासकारांनी सोडवावा. आपल्यापुरती गोष्ट एवढीच की आयुष्यभर फायलीत मान घालून बसलेला, गर्जना कशी करतात हे ठाऊक नसलेला हा मनुष्य, देशातील सर्वांत वजनदार खात्यांपैकी एक खाते ठेवून उठला आणि चालू लागला. आज आपण मुंबईत सकाळी जातो आणि रात्री परत येतो, पण ती मुंबई आपल्याच राज्यात आहे हे गृहीत धरून चालतो. ते गृहीत धरता येते त्यात या राजीनाम्याचाही वाटा आहे.

आता त्यांच्या मतांचा धागा हाती लागतो. हा मनुष्य संपत्तीचा रखवालदार नव्हता, हे त्यांनी लावलेल्या करांनी आणि त्यांच्या काळातील राष्ट्रीयीकरणांनी सिद्ध होते. रूढीचा रखवालदार होता म्हणावे, तर पहिली पत्नी इंग्रज; ती निवर्तल्यावर १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. या दुर्गाबाई घटना समितीच्या सभासद, नियोजन मंडळाच्या सभासद आणि समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारून आपल्या पायांवर उभी राहिलेली ही तेजस्वी बाई. तेव्हा पुराणमतवादी हा शब्द त्यांना लागत नाही. मग ते जतन तरी कशाचे करीत होते? माझ्या मते, रीतीचे. संस्थेचे. नियमाचे. सरकारने बँक घ्यावी. पण कायद्याने घ्यावी, हिशेब चोख ठेवून घ्यावी आणि घेतल्यावर नीट चालवावी. मंत्र्याने निर्णय करावा. पण मंत्रिमंडळात बसून करावा. हा एक वेगळ्या जातीचा स्थितिप्रियपणा आहे, आणि आपल्या राजकारणात त्याला नाव नसल्यामुळे त्याला कोणी ओळखीत नाही.

मंत्रिपद सोडल्यावरचे त्यांचे काम या दृष्टीने पाहा. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना शिक्षणाचा दर्जा आणि प्राध्यापकांचे पगार यांकडे त्यांनी लक्ष दिले. १९६२ पासून १९६७ पर्यंत ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. पत्रद्वारा शिक्षण त्या विद्यापीठात १९६२ सालीच सुरू झाले. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास ही ज्यांची कहाणी आहे अशा आपल्या भागातील तरुणांना त्याचे मोल सांगावयास नको. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी एक सूचना जाहीरपणे मांडली : मंत्री व उच्चाधिकारी यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी सरकारच्या मुठीत नसलेले एक निःपक्षपाती मंडळ असावे. पंडितजींना ती रुचली नाही. पण कल्पना मेली नाही. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला, आणि लोकपालाचा कायदा संसदेत २०१३ साली झाला. म्हणजे सूचना केल्यापासून चौपन्न वर्षांनी!

आता निवडणूक. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन निवर्तले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी काम हाती घेतले. काँग्रेसमध्ये तेव्हा दोन तट पडलेले. जुन्या पुढाऱ्यांनी बंगलोरच्या बैठकीत नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने पुढे केले. त्या बैठकीत आपल्या यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींच्या बाजूने पडले होते. पंतप्रधान इंदिरा गांधींना हे नाव नको होते. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण वटहुकमाने झाले. त्यावर सही गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडले आणि अपक्ष म्हणून ते रिंगणात उतरले. पंधरा उमेदवार होते, पण खरी झुंज तिघांची : रेड्डी, गिरी आणि चिंतामणराव.

विरोधी पक्षांनी पक्षाबाहेरचा मोठा माणूस उभा करावा याला आधीचा दाखला होता. १९६७ साली सरन्यायाधीशपद सोडून आलेले सुब्बा राव असेच उभे राहिले होते. त्याच वर्षी काँग्रेसचे लोकसभेतील बहुमत घसरून २८३ वर आले होते आणि कित्येक राज्ये हातची गेली होती. उद्या दिल्लीतही कोणालाच बहुमत नसले, तर सरकार बनविण्यास कोणाला बोलवावयाचे हे राष्ट्रपती ठरविणार. म्हणजे पंच कोण, हा प्रश्न खेळाडूंइतकाच महत्त्वाचा झाला होता. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे हे कलम घटनेत स्पष्ट शब्दांनी आले ते पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. १९६९ साली तेथे संकेताचाच आधार होता. अशा वेळी ज्याने संकेत मोडला म्हणून मंत्रिपद टाकले, त्याच्याइतका लायक पंच दुसरा कोठे मिळणार? स्वतंत्र आणि जनसंघ या पक्षांना त्यांची अर्थनीती पसंत होती असे मुळीच नाही. त्यांची शिस्त त्यांना हवी होती. कोड्याचे माझे उत्तर हे असे आहे.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान न होता आरती होईल. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पसंतिक्रमाने मते देतात. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून अधिक मते न मिळाली तर तळचे उमेदवार गळत जातात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. तेव्हा चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवर दुसरे नाव कोणाचे, यावर सर्वांचे डोळे लागले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीसाठी स्वतंत्र आणि जनसंघ यांच्या पुढाऱ्यांशी बोलणे लावले, आणि हेच कोलीत इंदिराजींच्या गटाच्या हाती आयते सापडले. पक्ष उजव्यांच्या दावणीला बांधला जात आहे अशी हाकाटी झाली, आणि सदसद्विवेकाला स्मरून मत द्यावे असा आदेश निघाला. पक्षाच्या ज्या उमेदवाराच्या अर्जावर पंतप्रधानांचीच सही, त्यालाच पाडण्याची ही युक्ती होती.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. एकूण वैध मते ८,३६,३३७. विजयास लागणारी ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९. सर्व वाटप झाल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. वाटपातून रेड्डींच्या पदरात जवळजवळ ९२ हजार मते पडली. गिरींच्या वाट्याला साडेअठरा हजार आली. ही वाटलेली मते बहुतांशी चिंतामणरावांचीच. गिरी आवश्यक मतांपेक्षा अवघ्या १,९०८ मतांनी पुढे गेले. नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली.

हे आकडे निर्दय आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर पहिला क्रमांक सोडला नाही, त्याच्या मतांचे मोल शेवटी दुसऱ्याच्या पारड्यात टाकावयाच्या वजनाएवढे ठरले. सव्वाआठ लाखांत सव्वा लाखही नाहीत! पक्ष नसलेल्या माणसाला आपली प्रजासत्ताकाची यंत्रणा मान देते, अध्यक्षपदे देते, पारितोषिके देते. मते देत नाही. चिंतामणरावांना हे कळत नसेल असे मानण्याइतके आपण भोळे नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी, हार समोर दिसत असता, ज्यांच्याशी आपले सर्व पटत नाही अशा पक्षांच्या खांद्यावर बसून त्यांनी का उभे राहावे, असा प्रश्न विचारणारे विचारतील. मला वाटते, पदाच्या स्वरूपाबद्दल काही मत आहे आणि ते मांडावयास दुसरी जागा नाही, असे ज्याला वाटते त्याने हार दिसत असतानाही उभे राहावे. मात्र आपले नाव दुसऱ्याच्या सौद्यात नाणे म्हणून वापरले जाईल, ही किंमतही त्याला मोजावी लागते. चिंतामणरावांनी ती मोजली.

आणखी एक मोह आपणांस आवरला पाहिजे. ते मराठी होते, ते कोकणी होते, ते कायस्थ प्रभू होते, असे म्हणून ठाण्या-कल्याणात त्यांची तसबीर लावण्यास हरकत नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने मित्रपक्षांची साथ सोडून मराठी म्हणून त्यांना पाठिंबा दिला, आणि पहिल्या मराठी राष्ट्रपती झाल्या. तो आनंद रास्तच. पण चिंतामणरावांना मराठी म्हणून आठवावयाचे, तर त्यांनी मराठीपणासाठी काय केले ते आठवावे. त्यांनी खुर्ची सोडली, आणि सोडताना भाषा वापरली ती कायद्याची. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा, संस्कृतात कविता करणारा हा रसिक, त्या दिवशी एकही अलंकार न वापरता बोलला.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी १९७५ साली पद्मविभूषण त्यांना मिळाले होते. त्यांच्या नावाच्या ठाण्यातील संस्थेत जी मुले-मुली अभ्यास करतात त्यांच्यापैकी कोणी आज येथे असतील. उद्या तुम्ही जिल्ह्याची किंवा खात्याची सूत्रे हाती घ्याल. तुम्हांला कोणी डावे म्हणेल, कोणी उजवे म्हणेल. आज ज्याने डावे म्हटले तोच पाच वर्षांनी उजवे म्हणेल. विमा ताब्यात घेतला तेव्हा चिंतामणराव समाजवादी ठरले होते, आणि त्याच माणसाला एकही मत न बदलता उजव्यांचा उमेदवार ठरविण्यात आले. हे शिक्के दुसऱ्यांच्या सोयीने मारले जातात. तुमच्या हातात एवढेच असते की समोर आलेला कागद कोणत्या रीतीने निकालात काढावयाचा, आणि कोणत्या कागदावर सही करावयाची नाही. चिंतामणरावांनी या दोन्ही गोष्टी करून दाखविल्या. त्यांना मते किती पडली, हा हिशेब मी आपल्यापुढे ठेवला आहे. त्यांचे वजन किती, हा हिशेब आपण घरी जाताना करावा.